३९० ड्यूक का स्पीड ४००? आधी मागं कोण बसणार ते सांग

भावा, तुझं म्हणणं असं की रोज कोल्हापुरात शाहूपुरीतनं गोकुळ शिरगाव एमआयडीसी, येऊनजाऊन पंचवीसेक किलोमीटर, महिन्यातनं एखादा रविवार गगनबावडा नाहीतर आंबोली, वर्षातनं एक लांबची ट्रिप, मागं कधीमधी वहिनी, घरात आत्ता १२५ सीसीची होंडा शाईन, बजेट साडेतीन लाखाच्या आसपास, तर केटीएम ३९० ड्यूक घेऊ का ट्रायम्फ स्पीड ४००. आणि शेवटी एक ओळ टाकलीयस, मित्र म्हणतात पॉवर जास्त असलेली घे. त्या ओळीमुळंच एवढं लांबडं लिहायला बसलोय.

माझं सांगायचं तर आरएक्स हंड्रेडवर शिकलो, मग पल्सर २२०, मग जुनी ३७३ सीसीवाली ड्यूक पाच वर्षं, आणि आता दीड वर्ष स्पीड ४००, बावीस हजार किलोमीटर झाले. धाकट्या मेहुण्याकडं नवीन ड्यूक आहे, रविवारी आम्ही गाड्या अदलाबदल करून घाटात जातो, परतताना आपापली मागायला दोघांनाही जरा जिवावर येतं. म्हणजे मी स्पीडवाला आहे हे धरूनच पुढचं वाच.

पहिलं ते ट्रायम्फ ब्रिटिश आणि केटीएम ऑस्ट्रियन हे डोक्यातनं काढ. दोन्ही गाड्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. बरं, इंजिनाचं माप बघ, दोन्हीकडं एकच सिलिंडर, लिक्विड कूल्ड, डबल ओव्हरहेड कॅम, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव ६४. उद्यमनगरात एका दोस्ताचं इंजिन बोरिंगचं वर्कशॉप आहे, त्याला हे सांगितलं तर म्हणाला मग भांडण कशाचं. भांडण आतल्या मसाल्याचं आहे. एकाच मापाची दोन पातेली, एकात तांबडा रस्सा, एकात पांढरा. इंजिनं वेगवेगळीच आहेत, नुसतं माप जुळतंय.

आता आकडे. ड्यूक ४६ पीएस (पॉवरचं माप, हॉर्सपॉवरसारखंच), ८५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर. स्पीड ४० पीएस, ८००० ला. मित्र इथंच थांबतात. पण टॉर्क बघ, ३९ विरुद्ध ३७.५ न्यूटन मीटर, आणि दोन्हीकडं ६५०० लाच. म्हणजे ढकलायची ताकद जवळपास सारखी, ते वरचे सहा पीएस सगळे वरच्या आरपीएममध्ये, जिथं तू एमआयडीसीला जाताना कधी पोचणारच नाहीस, कारण त्याच्या आधी कागलकडं जाणारा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून पुढं आलेला असणार. ट्रायम्फनं क्रँक मुद्दाम जड ठेवलाय हळू चालताना गाडी दमदार वाटावी म्हणून, आणि ते खरंच जाणवतं. ताराराणी चौकात तिसऱ्या गिअरवर रेंगाळत गेलं तरी गाडी कुरकुरत नाही. ड्यूकला चार हजाराच्या खाली करमत नाही, नवीन मॉडेल जुन्यापेक्षा बरंच शहाणं झालंय पण स्वभाव तोच, सारखं म्हणत राहतंय चल की, चल की. पंचविशीत मला ते लई आवडायचं. आता ऑफिसला वैतागून निघालेल्या माणसाला गाडीनं पण वैताग द्यावा असं वाटत नाही.

पण घाटात? घाटात ड्यूकचा नाद नाही करायचा. वजन १६८ किलोच्या आसपास, स्पीड तिच्यापेक्षा आठ-दहा किलोनं जड आणि ते वळणाला वळण लागलं की कळतं. पुढचं सस्पेन्शन क्लिकनं कडकमऊ करता येतं, स्पीडला पुढं काहीच फिरवायला नाही, मागं फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण. पुढच्या ब्रेकची डिस्क ३२० मिलिमीटरची, स्पीडची ३००. ड्यूकला क्विकशिफ्टर आहे, क्लच न दाबता वरखाली गिअर, कोल्हापुरी पायताण घालून ते वापरणारे महाभाग पण बघितलेत आपल्याकडं. २०२५ पासून क्रूझ कंट्रोल (ठरवलेला स्पीड गाडी आपोआप धरून ठेवते ते) पण दिलंय, ते मात्र आपल्या हायवेवर सहापदरीकरणाची डायव्हर्जनं असेपर्यंत शोभेचंच.

एक गोष्ट सांगतो, कारण ही एकच गोष्ट मला अजून टोचते. मागच्या सीझनला डिसेंबरात कळ्याच्या पुढं, गगनबावड्याच्या वाटेवर, मी मेहुण्याच्या ड्यूकवर होतो. डाव्या वळणावर ट्रॉलीच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणून टाकलेला, वर सकाळचं दव, आणि गाडी आधीच झुकलेली. घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला. साध्या एबीएसला चाक लॉक होऊ द्यायचं नाही एवढंच कळतं, गाडी किती झुकलीय ते त्याला कळत नाही, म्हणून वळणात असा ब्रेक मारला की गाडी उभी राहून सरळ जायला बघते, म्हणजे तिथं ओढ्यात. ड्यूकला कॉर्नरिंग एबीएस आहे, ते झुकाव मोजून ब्रेकचा दाब बदलतं, गाडी थरथरली, थोडी रुंद गेली आणि वळली. मी वाचलो असं म्हणणार नाही, कदाचित तसाही वाचलो असतो, पण खाली उतरून दहा मिनिटं कट्ट्यावर बसलो होतो. स्पीडला ते नाही. साधं ड्युअल चॅनल एबीएस आणि बंद करता येणारं ट्रॅक्शन कंट्रोल, जे मागचं चाक घसरून फिरायला लागलं की ताकद कमी करतं. म्हणून त्या वळणांवर स्पीडवर मी गप तीसनं जातो, ऊस हंगामात आणि पावसात पण. तू वळणात ब्रेक दाबणारा माणूस असशील, आणि १२५ वरनं उडी मारणारे बहुतेक असतातच, तर ड्यूकच्या बाजूनं हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, पॉवर नाही.

आता वहिनींचं. तू 'कधीमधी' लिहिलंयस, ते जपून लिहिलंयस असं वाटतंय. ड्यूकची मागची सीट वेगळी, उंच आणि आखूड, मागं बसणाऱ्याला पुढं घसरायला होतं, ब्रेक लागला की हेल्मेटवर हेल्मेट टणाटण. माझी बायको जुन्या ड्यूकवर जोतिबापर्यंत एकदा आली आणि उतरून म्हणाली, मी केएमटीच्या बसनं येते. स्पीडची सीट सलग, रुंद, बऱ्यापैकी सपाट, धरायला मागं रेल, तिच्यावर आम्ही दोघं राधानगरी करून दाजीपूरपर्यंत गेलोय आणि परत येताना भांडण झालं नाही. बसायची उंची तुझ्यासाठी ७९० आणि ८०० मिलिमीटर, त्यात काही फरक नाही, पण मागच्या माणसाला चढाउतरायला दोन गाड्यांत जमीन अस्मानाचा फरक आहे. साडी नेसून तर ड्यूकचं नावच नको.

पैशाचं थोडक्यात. एक्स शोरूमला दोघींत साधारण पन्नास हजारांच्या आसपास फरक पडतो, आकडे महिन्याला हलतात, दोन्हीकडनं लेखी कोटेशन घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या आतल्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झाला आणि वरच्यांचा सेस धरून ३१ होता तो ४० झाला, ह्या दोन्ही वरच्यात येतात, त्यामुळं शेजाऱ्यानं 'गाड्या स्वस्त झाल्या की' म्हटलं तर ते आपल्यासाठी नव्हतं. विम्याला पण तोच ३५० चा उंबरा आहे, नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) एकदम घ्यावा लागतो, १५० ते ३५० ला तो ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७, वर टॅक्स. हा सरकारी दर आहे, त्यात डीलर कमी करू शकत नाही, पण बाकीचा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, विमा बाहेरनं घेता येतो, तिथं भाव कर. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते लाजू नको, विचार. मला एका शोरूमात (नाव कशाला) ती ओळ दिसली, विचारल्यावर पोरगं म्हणालं 'सगळेच देतात सर', आणि मी उठून उभा राहिल्यावर ती ओळ गेली.

हे वाचून वाटलं की ३५० च्या आतच बघावं तर २५० ड्यूक एकदा चालव. ३१ पीएस आहेत, १२५ वरनं येणाऱ्याला पुष्कळ होतात, टॅक्स आणि विमा दोन्ही कमी. तू मागितलं नाहीस म्हणून एवढ्यावरच थांबतो.

केटीएम बुडाली, पार्ट मिळणार नाहीत, हे कट्ट्यावर अजून ऐकू येतं. झालं असं की नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या मूळ कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२५ मध्ये बजाजनंच पैसे ओतून ती ताब्यात घेतली. आपल्या ३९० आधीपासनंच चाकणला होत होत्या. ह्या कारणासाठी ड्यूक सोडू नको, दुसरी कारणं असतील तर सोड.

किरकोळ पण रोजचं. स्पीडचे आरसे हँडलच्या टोकाला आहेत, दिसायला भारी, पण महाद्वार रोडला नाहीतर गंगावेशीत रिक्षाच्या दांडीला लागतात, मी आत दुमडून चालवतो आणि मग मागचं काही दिसत नाही. टाकी स्पीडची १३ लिटर, ड्यूकची १५. मला हायवेला लिटरला तीसच्या आसपास मायलेज पडतं, गावात पंचवीस सव्वीस, पुणे एका टाकीत निवांत. सर्व्हिस स्पीडला पहिली हजारला आणि नंतर १६,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते, तुझ्या रनिंगला वर्षच आधी येणार. चेन मात्र दोन्हींना पाचशे सहाशे किलोमीटरला पुसून ल्यूब मारावी लागते, शाईनचं चेन कव्हर विसर आता. उन्हाळ्यात सिग्नलला पंखा लागला की पायाला गरम वारा दोन्हीकडं येतो, चारशेची सिंगल म्हटल्यावर ते आलंच.

तर माझं मत. तू लिहिलेल्या वापराला, म्हणजे आठवड्यातनं सहा दिवस एमआयडीसी आणि मागं बाईमाणूस, स्पीड ४००, आणि उरलेल्या पैशातनं चांगलं हेल्मेट दोन, जॅकेट, ग्लोव्ह्ज. पण रविवारी एकटाच असणार असशील आणि वहिनींचं 'कधीमधी' म्हणजे वर्षातनं दोनदा अंबाबाईला असेल, तर डोळे झाकून ड्यूक, पैशाच्या मानानं मशीन तीच जास्त देते, स्पीडवाला असून सांगतोय. मधलं काही असेल तर स्पीडच.

आणि टेस्ट राईड शोरूमवाला देईल ती दोन किलोमीटर सरळ रस्त्याची घेऊ नको, त्यात सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. संध्याकाळी सहाला जा, दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतनं घाल, वहिनींना हेल्मेट घालून मागं बसव, दोन स्पीडब्रेकर त्यांना न सांगता घे. नंतर तू काही बोलू नको, त्या काय बोलतात ते ऐक. शाईन एक्स्चेंजला टाकू नको, त्याचे येतील ते चार पैसे, पण लक्ष्मीपुरीत भाजीला आणि पोराला शाळेत सोडायला ह्या दोन्हींपैकी एकही गाडी कामाची नाही, आणि लहान पोराला टाकीवर बसवायचा विचार तर ४० पीएसच्या गाडीवर करूच नको.

वहिनींची उंची किती आणि त्यांना गुडघ्याचा काही त्रास आहे का तेवढं कळव, आमच्या घरी सगळं तिथंच अडलं होतं.