वाचकांचे प्रश्न : तक्रार क्रमांक मिळाल्यानंतर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून इंदूरच्या सुदामानगरात राहते. आमच्या रहिवासी संघाच्या मासिक बैठकीला साठीच्या पुढचीच मंडळी येतात. कॉलनीतली मुले व्हॉट्सॲपच्या गटावर मात्र दिवसभर हजर असतात. तुंबलेल्या चेंबरचे छायाचित्र टाकतात, रागाने चार ओळी लिहितात आणि तिथेच थांबतात. बैठकीला बोलावले की ‘काकू, तिथे येऊन काय होणार?’ असे विचारतात. मोबाइलमुळे ही पिढी सार्वजनिक कामापासून दुरावली असे समजावे काय? त्यांना या कामात कसे आणावे?

उत्तर : ताई, मुलांनी विचारलेला प्रश्न उद्धटपणाचा न मानता खरा मानावा, अशी माझी पहिली विनंती आहे. आपल्या संघाच्या गेल्या तीन बैठकांमध्ये कोणते निर्णय झाले, त्यांतले किती पार पडले आणि ते कोणाला कळवले गेले, हे एकदा इतिवृत्त काढून पाहावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर मुले येत नाहीत याचे कारण मोबाइलमध्ये शोधण्याची गरज उरत नाही. तुंबलेल्या चेंबरपाशी थांबून छायाचित्र काढणाऱ्या मुलाला ते चेंबर आपले वाटलेले असते. त्याच्या पुढचे काम काय, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

साधने आपल्या शहरात पुरेशी आहेत. महानगरपालिकेच्या ‘इंदूर ३११’ या ॲपवर कचरा, पथदिवे, सांडपाणी यांविषयी छायाचित्रासह तक्रार करता येते. राज्य शासनाची १८१ ही हेल्पलाइन आहे, तिथे ठरलेल्या मुदतीत निकाल न लागल्यास तक्रार अधिकाऱ्यांच्या चार पातळ्यांवरून वर सरकत जाते. काम झालेले नसताना ‘समाधान झाले’ असे फोनवर सांगून मोकळे होऊ नये, एवढे मुलांना जरूर सांगावे, कारण प्रकरण पुढे सरकणे किंवा बंद होणे बरेचसे त्या एका उत्तरावर अवलंबून असते.

परंतु ॲप एका माणसाची एका वस्तूविषयीची तक्रार घेते. तेच चेंबर दर पावसाळ्यात का तुंबते, हे विचारायला त्यात जागा नाही, आणि बगीच्यात बाके हवीत की आणखी झाडे, हेही ते ठरवून देत नाही. तिथे माणसांनी एकत्र बसूनच बोलावे लागते. म्हणून माझी सूचना अशी, की गटावर येणाऱ्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख, जागा आणि निकाल यांची एक नोंद दोन मुलांकडे सोपवावी. मोबाइलवरच्या साध्या तक्त्यात ती सहज ठेवता येते. तीन-चार महिन्यांत कोणत्या गल्लीत कोणता बिघाड पुन्हा पुन्हा होतो, हे त्या तक्त्यात आपोआप दिसू लागेल. तो तक्ता घेऊन झोन कार्यालयात किंवा पार्षदांकडे जाताना (महाराष्ट्रातले आपले नातलग ज्यांना नगरसेवक म्हणतात, त्यांच्याकडे) नोंद ठेवणाऱ्या मुलांनाच पुढे बसवावे आणि बोलू द्यावे. वडीलधाऱ्यांनी तिथे मध्येच बोलणे हाती घेतले, तर ती मुले पुढच्या वेळी येणार नाहीत.

बैठकीची वेळही पाहावी. संध्याकाळी पाच वाजता कोचिंगची मुले आणि नोकरी करणाऱ्या मुली येऊ शकत नाहीत. रविवारी रात्री आठनंतर बगीच्याच्या ओटल्यावर बसावे, विषय दोन दिवस आधी गटावर टाकावेत, आणि निदान एक विषय असा ठेवावा की ज्याचा निर्णय खरोखर मुलांच्या हाती असेल. संघाच्या वार्षिक वर्गणीतला बगीच्याचा वाटा कसा खर्चावा, हे त्यांना ठरवू द्यावे. हिशेबही त्यांनीच मांडावा. पैसा लहान असला तरी चालेल, अधिकार मात्र खरा असला पाहिजे.

आमच्या कॉलनीतली एक आठवण सांगतो. पथदिवे व्यवस्थित चालू आहेत, असे आम्ही ज्येष्ठ मंडळी बैठकीत मानून चाललो होतो. अकरावीतल्या एका मुलीने ते ऐकून घेतले आणि नऊ वाजता क्लासहून परतताना माझ्याबरोबर चला, असे सांगितले. आम्ही तिघे गेलो. बसच्या थांब्यापासून तिच्या गल्लीपर्यंतचा निम्मा रस्ता अंधारात होता, आणि आम्हाला ते कधी दिसले नव्हते, कारण त्या वेळी आम्ही घरात असतो. तिने त्याच रात्री खांब मोजून यादी केली. त्या यादीवर तक्रारी झाल्या, पाठपुरावा झाला, दिवे लागले. आणि कोणता खांब कोणत्या दिवशी लागला, हे तिने गटावर कळवले. तिच्या वयाची आणखी चार मुले बैठकीला आली ती त्यानंतर.

गटाविषयी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. मोठ्या गटात आपला क्रमांक सगळ्यांना दिसतो म्हणून अनेक मुली तिथे बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे पोहोचवण्यासाठी एखाद्या विश्वासू ताईंचा क्रमांक ठरवावा. दुसरे, कॉलनीत काम करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांकडे स्वतःचा मोबाइल नसतो. पाण्याच्या वेळा त्यांना आपल्यापेक्षा नेमक्या ठाऊक असतात, तेव्हा ओटल्यावरचे निमंत्रण त्यांना तोंडी द्यावे.

आपल्या संघातल्या वृद्ध सदस्यांपैकी कोणी १९७०च्या नर्मदा आंदोलनात असतील, तर त्यांना मुलांसमोर बोलते करावे. नर्मदेचे पाणी इंदूरला आणावे, या मागणीसाठी नागरिकांबरोबर विद्यार्थीही रस्त्यावर उतरले होते. नदी सुमारे ७० किलोमीटर दूर आणि माळव्याच्या पठाराच्या खाली. पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवायचे होते. ते शहरात पोहोचले १९७८ साली. आंदोलनाचे दिवस सगळेच सांगतात; मधली वर्षे कशी गेली आणि मागणी जिवंत कशी राहिली, हे त्यांना विचारावे. तक्रार क्रमांक हातात घेऊन दोन आठवड्यांत निराश होणाऱ्या मुलाला तोच भाग उपयोगी आहे.

प्रश्न : मी १७ वर्षांचा असून बारावीत शिकतो. मला मत देता येत नाही, तर मग माझ्या सहभागाला काय अर्थ?

उत्तर : मतदार नोंदणीची तयारी तू आजच करू शकतोस. वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्ज क्रमांक ६ ऑनलाइन आगाऊ भरता येतो, आणि आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या चार तारखा पात्रतेसाठी धरल्या जातात. त्यांपैकी ज्या तारखेला तुझी १८ वर्षे पूर्ण झालेली असतील, त्यानुसार नाव यादीत येते. १९८९पर्यंत ही वयोमर्यादा २१ होती. आज २१व्या वर्षी माणूस पार्षदपदाची निवडणूक लढवू शकतो, म्हणजे ती वेळही तुझ्यापासून फार दूर नाही.

त्याआधीही एक मोठे साधन तुझ्या हाती आहे. २००५च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे, मतदाराला नव्हे, आणि त्यात वयाची अट लिहिलेली नाही. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज लिहिताना ‘रस्ता खराब का झाला?’ असे विचारू नकोस, कारण कायदा कार्यालयात असलेली कागदपत्रे मिळवून देतो, खुलासे नव्हे. रस्त्याच्या कामाच्या आदेशाची प्रत, खर्चाची रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि ठेकेदाराकडे दुरुस्तीची जबाबदारी किती काळ आहे त्याची नोंद माग. ती जबाबदारी अजून संपलेली नाही असे कागदावर दिसले, तर पार्षदांशी बोलताना तुझ्या वयाकडे कोणी बोट दाखवणार नाही.

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झाली आहे. तिचे नाव इंदूरच्या मतदारयादीत राहू द्यावे काय?

उत्तर : सामान्यतः जिथे राहणे आहे तिथेच नाव असावे, आणि दोन ठिकाणी ते ठेवता येत नाही. तिने अर्ज क्रमांक ८ भरून पत्ता बदलून घ्यावा. घरच्या ओढीने नाव इकडे ठेवण्याचा मोह मी समजू शकतो, पण तिच्या गल्लीतले पाणी आणि दिवे आता पुण्याची महापालिका पाहते, आणि तिथल्या नगरसेवकाला प्रश्न विचारणारी मतदार म्हणून तिचे नाव तिथेच हवे.