फीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी पाचवीत जाणार, नोव्हेंबरमध्ये तिला दहा पूर्ण होतील. मुलगा पहिलीत. यजमान अंबडच्या एका कारखान्यात, हातात ६२ हजार येतात. ताई घरी शिकवण्या घेतात, त्यांचे १६ हजार. घराच्या कर्जाचा हप्ता २१ हजार, अजून १९ लाख फिटायचेत. शाळेने सलग दुसऱ्या वर्षी फी वाढवली आणि दोघांची मिळून ती १ लाख ३८ हजारांवर गेली. प्रश्न असा : ‘जूनमध्ये फीचा पहिला हप्ता ४६ हजार आणि वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तरं यांचे २७ हजार, म्हणजे ७३ हजार लागणार. हाताशी वीस-बावीस आहेत. दीड लाखाची एफडी मोडावी, की शाळेने सुचवलेल्या ॲपवरून बिनव्याजी बारा हप्ते करून घ्यावेत?’

ताई, दोन्ही नको. कारण लगेच सांगतो, कारण खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर.

‘बिनव्याजी’ हप्त्यांवर, म्हणजे वर्षाच्या पूर्ण १ लाख ३८ हजारांवर, दोन टक्के प्रोसेसिंग फी आहे आणि तिच्यावर जीएसटी. झाले सव्वातीन हजार. तुम्हीच लिहिलंय, की शाळा जून, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा तीन हप्त्यांत फी घेते, जादा एक रुपया न घेता. मग जी सवलत फुकट मिळतेय तिच्यासाठी सव्वातीन हजार कशाला? शिवाय ते चक्क कर्ज आहे, यजमानांच्या नावावर. एखादा हप्ता चुकला, तर शाळेला काही होत नाही, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, यजमानांचा बिघडतो. आणि एफडी ही घरातली एकुलती एक गंगाजळी आहे. कारखान्यात पगार महिनाभर लांबला, तर तीच उपयोगी पडणार.

आता पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येऊ. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात : ‘पुढच्या शिक्षणाची तशी काळजी नाही, दोघांच्याही नावाने चाइल्ड प्लॅन घेतलेत. मुलीचा पाच वर्षांपूर्वी, मुलाचा आता एप्रिलमध्ये. प्रत्येकी ४८ हजार.’ सोबत दोन्ही पॉलिसींच्या पानांचे फोटो पाठवलेत, ते फार बरं केलंत.

वर्षाला ९६ हजार! ताई, ७८ हजारांत घर चालवणाऱ्या माणसांना जूनमध्ये पन्नास हजार कमी पडतात, ते शाळेमुळे की या पॉलिसींमुळे? फी वाढली हे खरंच आहे. पण एप्रिलमध्ये ज्या ४८ हजारांचा चेक तुम्ही फाडलात, तेच जूनमध्ये शोधताय.

मुलाच्या पॉलिसीचं आधी, कारण तिथे घड्याळ चालू आहे. शाळेत पालकांच्या सभेला बाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाने ती विकली. पॉलिसीचा दस्तऐवज ई-मेलने आला तो ९ मे रोजी. दस्तऐवज हातात पडल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’चे असतात. न पटल्यास पॉलिसी परत, पैसे परत. म्हणजे ८ जूनपर्यंत. हे उत्तर छापून येईपर्यंत ती तारीख उलटली असती, म्हणून पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता. इथे लिहितोय ते तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी. मे-जूनमध्ये शाळांच्या आवारात अशी टेबलं बरीच लागतात.

अर्ज कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ई-मेलवर करायचा, विकणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही. पॉलिसी क्रमांक, कारण एका ओळीत, रद्द केलेला चेक, आणि पोच आल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही. विकणारा म्हणेल, ‘ताई, एक वर्ष तरी चालू ठेवा.’ त्याचं कमिशन त्या वर्षात आहे, तुमचं तिथे काही नाही. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या जोखमीची किरकोळ रक्कम कापून बाकी सगळे पैसे मिळतात. ४८ तले ४७ हजार येतील असं धरा. टाळाटाळ झाली, तर कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ हे तक्रार पोर्टल, आणि त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालाकडे वकील लागत नाही आणि फीही लागत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं खरं तर. ४७ अधिक हातातले २०-२२. जून जवळपास निघाला, चार-सहा हजारांचीच ओढ राहते. पैसे यायला चार दिवस उशीर झाला, तर शाळेच्या कार्यालयात लेखी मुदत मागा.

आता मुलीची पॉलिसी. ती नणंदेच्या यजमानांनी दिली, त्यामुळे विषय नाजूक आहे हे मला कळतं. पण फोटोतलं ते पान पुन्हा बघा. समासात निळ्या बॉलपेनने लिहिलंय, ‘१२ लाख (किमान)’, खाली दोन रेघा. त्याच पानावर छापील तक्ता आहे, त्यात दोन रकाने. एक ४ टक्क्यांचा, दुसरा ८ टक्क्यांचा. ८ च्या रकान्यात चौदाव्या वर्षी दिसतात ९ लाख ९० हजार, ४ च्या रकान्यात ६ लाख ९० हजार. बारा लाख कुठेच नाहीत. ‘किमान’ हा शब्द तर फक्त पेनाच्या शाईत आहे. कंपनीने छापलेला नाही.

आणि ८ टक्के म्हणजे तुम्हाला ८ टक्के मिळणार, असंही नाही. कंपनीने गुंतवणुकीवर ८ टक्के कमावले तर काय, हे दाखवायला विमा नियामकाने तो दर ठरवून दिलाय. त्यातून कंपनीचा खर्च आणि कमिशन गेल्यावर जे उरतं ते तुमचं. चौदा वर्षं ४८ हजार भरून ९ लाख ९० हजार मिळाले, तरी तुमचा परतावा पाच टक्केच होतो. प्रत्यक्षात बोनसची जी पत्रं आलीत, त्यांवर वर्षाला १७ हजार दिसतात. विमा रक्कम ६ लाख, अधिक चौदा वर्षांचे बोनस, मिळून ८ लाख ४० हजार. भरले किती? ६ लाख ७२ हजार. परतावा तीन टक्के. आज आठ लाखांत होणारा पदवीचा खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला, तर मुलगी अठराची होईपर्यंत तो सोळा लाखांच्या घरात जाईल. ८ लाख ४० हजारांत अर्धीच पदवी येते.

‘टॅक्सही वाचतो’ असं तुम्ही लिहिलंय. कुठे वाचतो? यजमानांचं वार्षिक उत्पन्न साडेआठ लाखांच्या घरात, ते नव्या करपद्धतीत आहेत, आणि तिथे या उत्पन्नाला कर लागतच नाही. विम्याच्या हप्त्यावरची वजावट, जिला सगळे ‘८०सी’ म्हणतात, ती जुन्या पद्धतीतली. शून्यातून आणखी काय वाचवणार?

पण मला जे खरंच टोचलं ते वेगळं आहे. या पॉलिसीत विमा कोणाचा उतरवलाय? मुलीचा. नऊ वर्षांच्या मुलीचा! तिच्या कमाईवर कोण अवलंबून आहे? घर चालतं यजमानांच्या पगारावर, आणि त्यांच्या नावाने कंपनीचा सामूहिक विमा आहे फक्त ५ लाखांचा, तोही नोकरी आहे तोवर. उद्या त्यांना काही झालं, तर १९ लाखांचं कर्ज, १ लाख ३८ हजारांची फी आणि या पॉलिसीचा हप्ता, सगळं तुमच्या १६ हजारांवर येईल. वडील गेल्यास पुढचे हप्ते माफ होतात तो रायडरही, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षणही, घेतलेला नाही, तिथे ‘लागू नाही’ असं छापलंय. म्हणजे ज्या प्रसंगासाठी माणूस विमा घेतो, नेमका तोच प्रसंग वगळून ९६ हजार भरले जात होते. भावनेवर विकलेला माल असाच असतो. मुलाचा फोटो वर, आकडे खाली बारीक अक्षरांत.

आता रागाच्या भरात मुलीची पॉलिसी मोडू नका. पाच हप्ते, म्हणजे २ लाख ४० हजार भरून झालेत. सरेंडर केली, तर जेमतेम सव्वा ते दीड लाख हातात येतील. त्यापेक्षा ती पेड-अप करा. यापुढे हप्ता भरायचा नाही, पॉलिसी चालू राहते, रक्कम तेवढी प्रमाणात घटते. सहा लाखांचे चौदातले पाच भाग, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर, अधिक आतापर्यंत साचलेला ८५ हजारांचा बोनस. अठराव्या वर्षी तीन लाख. सरेंडर आणि पेड-अप, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, माझा हिशेब ठोकळ आहे. पुढचा हप्ता जुलैत आहे, त्याआधी हे उरका.

मग जे ४८ हजार सुटतात, त्यांतून पहिल्यांदा यजमानांचा एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच रक्कम देणारा, वयाच्या साठीपर्यंतचा. त्याला साधारण २५ हजार धरा. उरलेले २३ हजार दरवर्षी सात टक्क्यांच्या आसपास कुठे सुरक्षित वाढले, तर नऊ वर्षांत तीन लाख होतात. पेड-अपचे तीन, मिळून सहा. म्हणजे पॉलिसी रेटत राहण्यापेक्षा अडीच लाख कमी. हे मी लपवत नाही. पण त्या अडीच लाखांत एक कोटीचं छप्पर घरावर आलं, आणि मुलांचं शिक्षण एका माणसाच्या रोजच्या घरी सुखरूप येण्यावर टांगलेलं राहिलं नाही. ‘पण टर्ममध्ये शेवटी काहीच परत मिळत नाही,’ हे नणंदेचे यजमान म्हणतीलच. स्कूटरच्या विम्याचे तरी कुठे परत मिळतात?

या २३ हजारांचं काय करायचं? नोव्हेंबरच्या आत मुलीचं सुकन्या समृद्धी खातं, म्हणजे मुलींसाठीचं सरकारी बचत खातं, उघडून टाका. दहा पूर्ण झाल्यावर ते उघडता येत नाही. सध्याचा दर ८.२ टक्के, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होतं, म्हणजे तुमची मुलगी तेव्हा तिशीत असेल. शिक्षणासाठी अठरानंतर किंवा दहावी झाल्यावर शिलकीच्या निम्मेच पैसे काढता येतात. म्हणून सगळं तिथे नको. अर्धं सुकन्येत, अर्धं साध्या इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम टाकून, आणि त्या फंडाकडून पंधरा टक्क्यांची आशा ठेवू नका. तुमच्या पत्रात तो पंधराचा आकडा आहे, म्हणून सांगितलं. दहा मिळाले तरी चांगले झाले म्हणा.

मुलाच्या पॉलिसीचे सुटलेले ४८ हजार मात्र सध्या कुठेही गुंतवायचे नाहीत. ते फीचे आहेत. फी आणि साहित्य मिळून वर्षाचे १ लाख ६५ हजार, महिन्याला चौदा हजार. पगार झाला, की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. यंदाचा जून अंगावर आला, पण ऑक्टोबरचा हप्ता या खात्यातूनच जाऊ द्या. शाळेची फी हा अचानक उपटणारा खर्च नाही, जून दरवर्षी जूनमध्येच येतो.

फीवाढीबद्दल थोडं. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात शाळेने प्रस्तावित फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी असते. तुमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं वाढ झालीये, तेव्हा समितीच्या ठरावाची प्रत मागा. एकट्याने नको, वर्गातले आठ-दहा पालक मिळून जा. समितीत पालक सोडतीने निवडले जातात, पुढच्या वेळी नाव द्या.

साहित्याची पावती पाहिली. शाळेचा शिक्का मारलेली २०० पानी वही ८५ रुपयांना, अशा १४, आणि वर तपकिरी कव्हरं व नावाच्या चिठ्ठ्यांचे १२० वेगळे. सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांवरचा जीएसटी शून्य झालाय, पण तुमच्या ‘सेट’मध्ये सगळं एका आकड्यात गुंडाळलंय, त्यामुळे कोणत्या वस्तूचे किती घेतले ते कळतच नाही. सुटं बिल मागा. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. मुलीचं जुनं दप्तर धडधाकट असेल, तर ते यंदाही चालेल. या सगळ्यातून तीन-चार हजार वाचतील. वाचवाच, पण त्यासाठी चार दुकानं पालथी घालण्याआधी पेड-अपचा अर्ज पाठवा.

आणि एक. खर्चाच्या यादीत तुम्ही ‘यांची सिगारेट ६००’ असं प्रामाणिकपणे लिहिलंय. टर्म विम्याच्या फॉर्मवरही तसंच लिहायचं. वरचे २५ हजार मी त्यामुळेच धरलेत, एरवी पंधरा-सोळात झालं असतं. फॉर्म भरणारा ‘नाही’वर खूण करायला सुचवेल, करू देऊ नका. पहिल्या तीन वर्षांत दावा करायची वेळ आली, तर तो फेटाळायला कंपनीला तेवढं एक खोटं पुरतं. आणि तेव्हा कंपनीशी भांडायला घरात तुम्ही एकट्या असाल.