छोट्या व्यवसायातली कोणती कामं बाहेर द्यावीत आणि कोणती हातात ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की दोघी जावा मिळून घरी मसाले-चटण्या करता, ऑर्डरी वाढल्यात, रोज रात्रीचे बारा वाजतात आणि आता काय बाहेर द्यावं ते ठरत नाही. मी कोल्हापुरात ११ वर्षं कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला करून विकते. तुमची ती रात्र मला चांगली ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कुणी म्हणेल कंटाळवाणं काम द्या, कुणी म्हणेल बाहेर स्वस्त पडतं ते द्या. मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावते: हे बिघडलं तर आधी कुणाला कळेल, मला की गिऱ्हाइकाला? मला कळणार असेल तर खुशाल बाहेर द्यावं. गिऱ्हाइकाला आधी कळणार असेल तर हातचं सोडू नये.

हे मी चौथ्या वर्षी शिकले. एप्रिलची गर्दी होती, म्हणून खोबरं, तीळ, धने भाजायला ओळखीतल्या एका केटररकडे दिले. माल वजनाला बरोबर आला, दिसायलाही छान. पण खोबरं मोठ्या आचेवर घाईने परतलेलं होतं, वरून तांबूस आणि आत ओलसर. कांडल्यावर मिरचीच्या रंगात ते कुठे दिसणार? तीन आठवड्यांनी फोन सुरू झाले, "ताई, यंदा मसाल्याला खवट वास येतोय." ४० किलो माल परत घेतला. तेव्हापासून भाजणं माझ्याच हातात आहे. खोबरं कधी उतरवायचं ते मी वासावर ठरवते, आणि वास काही कुणाला कागदावर लिहून देता येत नाही.

पाकिटं भरणं, लेबल, सील हे मात्र दुसऱ्यांकडे सोपवा. चूक तिथल्या तिथे दिसते. आमच्याकडे गल्लीतल्या दोघी येतात, पाकिटामागे दर ठरलेला आहे. शंभरातली पाच पाकिटं मी काट्यावर ठेवते आणि सील दाबून बघते, तेवढं पुरतं. फक्त हे काम त्यांच्या घरी पाठवू नका. अन्नपदार्थ जिथे भरला जातो त्या जागेलाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. त्यांनाच तुमच्या जागेत बोलवा.

कांडप मधल्यातलं. डंक, म्हणजे मसाला कांडायचं यंत्र, आपण घेणं परवडत नाही, तेव्हा ते बाहेरच जाणार. पण मी तिथे बसून असते. आधीच्या कुणाची हळद उखळात राहिली असेल तर आपला पहिला घाणा पिवळा पडतो. देताना वजन, घेताना वजन, आणि घट वहीत लिहायची. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की नेहमीची घट किती ते कळतं, मग कुणी सांगायची गरज उरत नाही.

लिज्जत पापडची विभागणी मला फार आवडते. १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तो उद्योग सुरू केला. तिथे पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि पापड पुन्हा केंद्रावर तपासून घेतले जातात. त्या बायका स्वतःच उद्योगाच्या मालकीण, त्यामुळे याला आउटसोर्सिंग म्हणता येणार नाही. पण चव पिठात असते, म्हणून पीठ केंद्रावर, आणि लाटण्यातली चूक डोळ्यांना दिसते, म्हणून लाटणं घरोघरी. तुमच्या चटणीचं पीठ कोणतं, ते दोघींनी बसून आधी ठरवा.

हिशेब आणि जीएसटी पहिल्या दिवसापासून जाणकाराकडे द्या. इथली चूक मात्र ना तुम्हाला लवकर कळते, ना गिऱ्हाइकाला, ती थेट नोटिशीतून कळते. म्हणून जीएसटीच्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचाच हवा, सल्लागाराचा नको. महिन्याचं रिटर्न असेल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) भरल्याची पावती मागून घ्यायची. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड, भरण्यासारखं काही नसलं तरी २०.

कुरिअर, लेबलचं डिझाइन, फोटो यात फार विचार करू नका, देऊन टाका.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज मात्र कुणाला देऊ नका. मी सहा महिने एका मुलीला ते काम दिलं होतं. उत्तरं ती झटपट द्यायची, तक्रार काहीच नाही. पण साताऱ्याच्या एक बाई दरवर्षी सासूबाईंसाठी अर्धा किलो कमी तिखट मागवतात, ते तिला कुठून माहीत असणार? त्यांना नेहमीचा मसाला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांचा फोनच आला नाही. शेवटी मीच केला, तेव्हा खरं कळलं. आता दुपारी दोन ते तीन मी फक्त मेसेज बघते.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात फक्त पाकिटांचं काम सोपवलं असतं, तेही निम्म्याच मालाचं. वाचलेल्या तासांत दोघींपैकी एकीने लवकर झोपावं आणि दुसरीने वजनाची वही सुरू करावी. दोन महिन्यांनी वही बघून पुढचं काम निवडा. तेव्हा काही अडलं तर इथेच विचारा, मी नक्की सांगेन.