किडनीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याने अंगणात पडलेले आंबे खाल्ले तर चालतं का?

गराच्या दोन-तीन छोट्या फोडी चालतात, साल नको. पण बाठ्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि खरा धोका तोच आहे.

गिळलेला बाठा लगेच अडकेलच असं नाही. काही वेळा तो पोटात दिवसच्या दिवस पडून राहतो आणि मग आतड्यात शिरून वाट बंद करतो. धडधाकट कुत्रा ओकला की घरचे धावपळ करतात. किडनीवाला ओकला की "त्याचं नेहमीचंच आहे" म्हणून गप्प बसतात. तिथेच घात होतो. प्यायलेलं पाणीसुद्धा उलटून पडतंय, शी बंद आहे, पाठ कमानीसारखी झालीय, पोटाला हात लावू देत नाही, अशा वेळी सकाळ व्हायची वाट बघू नका. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की आधीच थकलेल्या किडन्या आणखी ढासळतात. डॉक्टरांना आधी "बाठा गेला असेल" हे सांगा. एक्स-रेत तो हाडासारखा ठळक दिसत नाही, सोनोग्राफी लागू शकते. आणि मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. रक्तातलं सोडियम जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं, शिवाय वर येणारा बाठा अन्ननलिकेत रुतू शकतो.

"मुक्या जनावराला काय खावं ते बरोबर कळतं" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. आंबलेल्या फळात अल्कोहोल तयार होतं, बुरशी धरलेल्या फळाने अंगाला कंप सुटून झटके येऊ शकतात, आणि कुत्रा दोन्ही मिटक्या मारत खातो. कळायला हवं ते आपल्याला.

म्हणून झाडावर पाड लागेपर्यंत, म्हणजे फळं झाडावरच पिकायला लागेपर्यंत, थांबूच नका. फळाचे खांदे (देठाच्या दोन्ही बाजू) भरून देठाजवळ खळगा पडला की बोटभर देठ ठेवून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवा, अढीत (गवतात रचून) पिकवा. उंचावरच्या फळांसाठी खाली कुत्र्याचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर शेडनेट ताणून बांधा. रात्रीत बरीच फळं गळतात, तेव्हा सकाळी आधी वेचा, मग त्याला बाहेर सोडा.

सारखा लघवीला जातो म्हणून त्याचं पाणी मात्र तोडू नका.

एक राहिलं. रक्ततपासणीत पोटॅशियम वाढलेलं असेल किंवा सोबत मधुमेह असेल, तर वर म्हटलेल्या फोडीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अंगणात द्राक्षाचा वेल असेल तर त्याला आजच कुंपण घाला. द्राक्षांनी कुत्र्याच्या चांगल्या किडन्याही निकामी होऊ शकतात.