खाडीतल्या बेटावर परवडणारं हायस्पीड इंटरनेट कसं आणायचं? कंपनी म्हणते फीजिबल नाही

तुम्ही लिहिलंय की बेटावर साठेक घरं आहेत, मोबाईलला एखादी कांडी येते-जाते, समोरच्या किनाऱ्यावरच्या गावात फायबर आलंय, मधे चार-साडेचार किलोमीटर पाणी आणि कंपनीवाले फाईल पुढे सरकवत नाहीत. मी रायगडमधे एका लहान आयएसपीसाठी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) वायरलेस लिंक, म्हणजे दोन टोकांना रेडिओ लावून हवेतून नेट न्यायची जोडणी, उभारायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक आधीच सांगतो, सगळ्यांना वाटतं पाणी हीच अडचण आहे, पण पाणी ओलांडणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. खरं घोडं पेंड खातं ते दोन्ही टोकांना, म्हणजे किनाऱ्यावर तुम्हाला बँडविड्थ, म्हणजे पुढे वाटायचं घाऊक नेट, कोण आणि कोणत्या कागदावर देणार, आणि बेटावर ते रोज सांभाळणार कोण.

आधी फुकटातली चौकशी करून घ्या. बेटाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला सगळ्यात उंच घराच्या गच्चीवर ५जी फोन घेऊन उभे राहा आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं लावून बघा. पाण्यावरून सिग्नल लांब येतो, गावाच्या मधोमध काही नसलं तरी कडेला चांगला मिळू शकतो, आणि तसा मिळाला तर एअरफायबरवाले डबे (५जी सिग्नल पकडून घरात वायफाय देणारे) लावून निम्मी घरं तशीच निघतील. दुसरं म्हणजे ग्रामपंचायतीत जाऊन भारतनेटचं विचारा, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना, आपल्याकडे तिचं नाव महानेट. बऱ्याच बेटांची ग्रुप ग्रामपंचायत असते आणि ऑफिस किनाऱ्यावरच्या गावात, मग फायबर ऑफिसपर्यंत आलं की कागदावर सगळी पंचायत जोडली गेली, तुमचं बेट त्यातच धरलं. हे तुमच्यासाठी वाईट नाही बरं का, उलट किनाऱ्यावर सरकारी फायबरचं टोक आहे हे कळलं तर बोलणी करायला एक जागा मिळते.

सॅटेलाईटचं बरेच जण विचारतात. जुन्या पद्धतीचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, नुसतं जाऊन-येऊन अर्धा सेकंदाच्या वर जातो, व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलतात आणि दोघं एकाच वेळी गप्प होतात. खालून फिरणाऱ्या उपग्रहांवरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मधे दूरसंचार खात्याचं लायसन्स मिळालं, पण साठ घरांनी साठ डिश घेणं हे परवडणाऱ्या इंटरनेटमधे बसत नाही, फार तर एक डिश शाळेला किंवा दवाखान्याला ठीक. समुद्राखालून केबल टाकणं म्हणाल तर ते सरकारचंच काम. लक्षद्वीपला कोचीहून १,८६८ किलोमीटर केबल टाकली, हजार कोटींच्या वर खर्च झाला, ३ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, त्याआधी सगळी बेटं मिळून पावणेदोन जीबीपीएसवर दिवस काढत होती. साडेचार किलोमीटरला एवढं करायची गरजच नाही. हां, एक मात्र बघा, तुमच्याकडे वीज पाण्याखालच्या केबलने येते का? घारापुरीला २०१८ साली तशी आली. तशी असेल तर महावितरणला विचारा की केबलमधे फायबर आहे का किंवा जोडीने टाकता येईल का, विचारायला पैसे पडत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, वायरलेस लिंक. हे कुठे खरंच झालंय का असं विचाराल तर अमेरिकेत सिअॅटलच्या वर ऑर्कस नावाचं बेट आहे, नोव्हेंबर २०१३ मधे समुद्राखालची केबल तुटली आणि बेटावर दहाएक दिवस फोन-नेट बंद. एरवीसुद्धा डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं नेट) कागदावर दीड एमबीपीएस आणि संध्याकाळी त्याचाही निम्मा. तर तिथल्या डो बे भागातल्या शेजाऱ्यांनी मिळून विनानफा संस्था काढली, आपापल्यात उसने पैसे गोळा केले, मेनलँडवरच्या एका कंपनीकडून रेडिओने बँडविड्थ आणली, ती पाण्याच्या टाकीवर उतरवली आणि तिथून झाडांवर, घरांवर छोटे रेडिओ लावून पन्नासेक घरं जोडली, महिना ७५ डॉलर. झाडं एवढी उंच की समोरचं दिसतंय का हे बघायला ड्रोन उडवला. त्याच केबल तुटण्यानंतर बेटांच्या वीज सहकारी संस्थेनेही नेटमधे लक्ष घातलं आणि फायबर घरापर्यंत न्यायला सुरुवात केली. म्हणजे रेडिओ ही कायमची शेवटची पायरी नाही, पण तेवढ्यावर गावाचं काम सुरू होतं.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, पॉवरची मर्यादा पाळून. साडेचार किलोमीटरला चांगल्या डिशवाल्या रेडिओची जोडी साधारण तीस हजारांच्या आत-बाहेर येते आणि दोनशे-तीनशे एमबीपीएस आरामात ओढते. रेडिओपेक्षा तो ज्यावर बसवायचा तो उंच पाईप, त्याला धरून ठेवणाऱ्या तारा म्हणजे ताण, सिमेंट आणि होडीचं भाडं जास्त होईल. पण पाण्यावरच्या लिंकची एक खोड आहे जी जमिनीवर काम केलेल्या टेक्निशियनला माहीत नसते. सिग्नल सरळ जातो तसा पाण्यावर आपटूनही जातो, आणि दोन्ही एकमेकांना कापतात. भरती-ओहोटीला पाणी वर-खाली झालं की हे कापणं बदलतं, मग दुपारी बारा वाजता टेस्ट केलेली झकास लिंक संध्याकाळी सहाला मान टाकते आणि लोक रेडिओ बदलत बसतात. म्हणून किनाऱ्याचं टोक शक्यतो टेकडीवरच्या घरावर घ्या आणि बेटावरचा पाईप अगदी पाण्याच्या कडेला न लावता थोडा मागे, असा की समोरचं टोक दिसेल पण जवळचं पाणी घरांच्या किंवा माडांच्या आड जाईल. शिवाय नुसतं डोळ्याला दिसणं पुरत नाही, मधोमध सिग्नलला साडेसात मीटर त्रिज्येची जागा लागते, त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी, आणि ही उंची उधाणाच्या भरतीपासून मोजायची, ओहोटीपासून नाही. आणि कांदळवन आड येतंय म्हणून कोयता घेऊन जाऊ नका, कायद्याने संरक्षित आहे, पाईप उंच करा.

गावात मात्र वायरलेस वाटू नका. माडांच्या ओल्या झावळ्या ५ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतात आणि वाऱ्यात हलल्या की स्पीड नाचतो. पाण्यावरून रेडिओ, गावात फायबर, हे गणित पक्कं. एक छोटी ओएलटी (सगळ्या घरांचं फायबर जिथून सुटतं ते मशीन), दोन-चार स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारे), घरटी एक ओएनयू (फायबरचा घरातला डबा). पोलवरून केबल न्यायला महावितरणची परवानगी लेखी घ्या.

स्पेक्ट्रम मोकळा आहे म्हणजे इंटरनेट विकायची मोकळीक आहे असं नाही, इथे बरेच हौशी लोक अडकतात. किनाऱ्यावर मामाच्या घरी नेहमीचं कनेक्शन घ्यायचं आणि बेटावर साठ घरांना पैसे घेऊन वाटायचं, हे नियमात बसत नाही, कंपनी कधीही तोडेल. सरळ रस्ता म्हणजे तालुक्यातल्या एखाद्या लायसन्सवाल्या लहान आयएसपीला किंवा त्याच्या केबलवाल्या पार्टनरला गाठा आणि सांगा, लिंक आणि गावातलं जाळं आम्ही उभं करतो, बिलिंग तुमच्या नावावर, गावाला देखभालीचा वाटा द्या. मोठ्या कंपनीला साठ घरं म्हणजे काहीच नाही, लहान माणसाला ती हवी असतात. दुसरा रस्ता पीएम-वाणी, डिसेंबर २०२० मधे मंजूर झालेली सार्वजनिक वायफायची सरकारी योजना. त्यात दुकानदार किंवा बचत गट पीडीओ (वायफाय विकणारं छोटं केंद्र) होऊन वायफाय विकू शकतो, त्याला लायसन्स लागत नाही, फक्त नोंदणी असलेल्या पीडीओएशी (अशी अनेक केंद्रं एकत्र चालवणारी कंपनी) जोडून घ्यायचं. आधी कंपन्या अशा दुकानदारांना महागडी लीज्ड लाईन (धंद्यासाठीची राखीव लाईन) घ्यायला सांगायच्या, पण जून २०२५ मधे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पीडीओला रिटेल दराच्या दुपटीपेक्षा जास्त भावात द्यायचा नाही. जेट्टी, शाळा, देवळाचा चौक एवढ्यापुरतं सुरू करायचं असेल तर हे सगळ्यात स्वस्त.

पैशाचं म्हणाल तर घाबरायला नको. रात्री आठ-नऊला सगळे एकदम बघत असले तरी घरटी सरासरी दोन-अडीच एमबीपीएसच लागतात, म्हणजे साठ घरांना १५० ते २०० एमबीपीएस पुरतात, प्रत्येकाचा प्लॅन ३० चा असला तरी. घरटी ४०० रुपये धरले तर महिन्याला २४,००० जमतात. त्यातून बँडविड्थ, दोन्ही टोकांचं लाईटबिल, सांभाळणाऱ्या पोराचा पगार, आणि निदान दोन-तीन हजार बाजूला टाकायचे. हे शेवटचं लोक टाळतात आणि पहिला रेडिओ वीज पडून गेला की वर्गणीची बैठक, भांडणं, आणि महिनाभर नेट बंद. माझ्या मते मशीनपेक्षा पोरगा आधी निवडा. बाहेर नोकरीला जायच्या तयारीत असलेला हुशार पोरगा नको, गावात राहणारा, पाईपवर चढायला न घाबरणारा हवा, केबलला कनेक्टर बसवायला, म्हणजे क्रिंप करायला, दोन दिवसांत शिकतो.

खाऱ्या हवेचं मनावर घ्या. साधे नटबोल्ट एका पावसाळ्यात गंजतात, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, बाहेरच्या केबलच्या टोकांना ग्रीस आणि टेप, दोन्हीकडे अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, म्हणजे पाऊस सुरू होतानाच, तेव्हा मे संपायच्या आत ताण आवळून घ्यायचे आणि एक जादा रेडिओ, अडॅप्टर, केबल बेटावर आणून ठेवायचं, नंतर होडी मिळेल न मिळेल. बेटावरचा सगळा संच साठ वॅटच्या आसपास खातो, १५० एएचची एक चांगली बॅटरी दिवसभर काढते. किनाऱ्याच्या टोकालाही बॅटरी लावा, आणि त्या घरवाल्याला फुकट कनेक्शन द्या म्हणजे चार्जिंगला प्लग हवा म्हणून कोणी तुमचा प्लग काढणार नाही.

तुम्ही आता एवढं करा, किनाऱ्यावरची दोन-तीन उंच घरं बघून ठेवा, त्यांचं लोकेशन आणि जमिनीपासूनची उंची, बेटावरच्या जागेचं तसंच, आणि मधे कांदळवन किती ते इथे टाका. भरती-ओहोटी धरून पाईप किती फुटी लागेल ते मी काढून देतो.