बंदूक खांद्यावर असताना

झिला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वडिलांची दुनळी वारसाने तुझ्या नावावर झाली, परवान्यावर तुझा फोटो लागला आणि तेव्हापासून काका तुझ्याशी खालच्या आवाजात बोलतो. ते तुला आवडलं, आणि आवडलं म्हणून भीती वाटली, असं लिहिलंस. त्या भीतीसाठीच लिहायला बसलोय. दारू पिऊन हात लावू नये, शिमग्यात हवेत बार काढू नये, हे तुला सांगायला नको.

मला एकच सांगायचंय. ज्याच्याकडे बंदूक, त्याने आधी माघार घ्यायची. चूक कोणाचीही असो.

माझा शेतीसंरक्षणाचा परवाना 36 वर्षांचा. भात पोसवलं की माळ्यावर रात्र जागवायची, डुकरं उतरली की बार काढून पिटाळायची. मारायची नाहीत, 1972 च्या वन्यजीव कायद्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय ती मारता येत नाहीत. अशाच एका पहाटे राखणीवरून परतताना चुलतभाऊ बांधावरच्या फणसाच्या फांद्या तोडताना दिसला. मी वाट बदलायला हवी होती. नाही बदलली. बंदूक खांद्यालाच होती, नळी आभाळाकडे. नुसता उभा राहिलो आणि बोललो, नेहमीपेक्षा हळू. त्याने कोयती खाली ठेवली. वहिनी खळ्यात होती. तिने पोराचा दंड धरून त्याला आत ओढलं. जाता जाता पोर वळून बघत होतं ते माझ्या तोंडाकडे नाही, खांद्याकडे.

फणस माझ्याच हद्दीतला. नकाशा आहे माझ्याकडे, ये आणि बघ. मी नेम धरला नाही, शिवी दिली नाही. हे मी 23 वर्षं ज्याला त्याला सांगतोय. भाऊ गेला तेव्हा मला निरोपसुद्धा आला नाही.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस यायची. एकदा माझी बायको, तुझी काकी, म्हणाली, ‘बंदूक ठाण्यात असली की तुम्ही रेशनच्या रांगेत उभे राहता.’ मी तिच्यावर उखडलो. मग रात्री आठवत बसलो, आणि खरंच होतं. बंदूक घरात कुलपात असली तरी मी लोकांनी वाट सोडावी असाच चालत होतो.

विकून टाकू का, विचारतोस. कशाला? डुकरांनी लोळवलेलं भात बघितलंयस ना? ठेव बंदूक. पण मग माघार तुझी, हे डोक्यात पक्कं बसव. काका बांध हातभर सरकवेल. मोजणीचा अर्ज कर आणि गप्प राहा. तिठ्यावर कोणी भेकड म्हणेल. म्हणू दे रे! तुला उलट उत्तर द्यायचा हक्क होता तो परवाना घेतलास तेव्हाच संपला. हे कितीदा सांगू?

घरी आलास की नळी उघडायची, काडतुसं तळहातावर काढून मोजायची, दुसऱ्या कुलपात ठेवायची. मग दारात कोणी आलं तर बोलायचं, आधी नाही.

आणि या चतुर्थीला काकाकडे जा. हातात नारळ घेऊन, एकटा. तो फणकारला तर ऐकून घे आणि ये. मला ते जमलं नाही. जाऊन आलास की कळव.