नाताळच्या सुट्टीत मुलांना सोलापुरात रोषणाई दाखवायला कुठे न्यावं?

नाताळात दोन दिवस बहिणीकडे सोलापूरला येताय, सोबत पाच आणि नऊ वर्षांची पोरं, आणि वांद्र्यासारखी रोषणाई इथे कुठे दिसेल, असं तुम्ही विचारलंय. तशी नाही दिसणार. उगाच रिक्षा करून गावभर फिरू नका.

२४ ला संध्याकाळी रंगभवनाजवळच्या फर्स्ट चर्चकडे मात्र चक्कर मारा. उपासना मराठीत असते, त्यामुळे पोरांनाही कळतं काय चाललंय ते. आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांच्या दारात दर वर्षी कागदाची लाल चांदणी लागते, आत साधा पिवळा बल्ब. वारा आला की ती गरगर फिरते आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपके पळतात. माझी लेक त्या ठिपक्यांवर पाय द्यायला धावायची. एवढीच आमची रोषणाई. तासाभरात बघून होते.

दिवसाचं म्हणाल तर हुरडा. डिसेंबरच्या शेवटी ज्वारी हुरड्याला आलेली असते, आणि गावाबाहेर बऱ्याच शेतांवर पैसे घेऊन सोय करतात. आधी फोन करून ठेवा, सुट्टीत गर्दी असते. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कणसं, मग गरम कणीस तळहातावर चोळून फुंकर मारून कोंडा उडवायचा. हे चोळायचं काम नऊ वर्षांच्या पोराला द्या. हात भाजल्याची तक्रार करेल, पण सोडणार नाही. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. शहरातल्या बशीत मिळणारा गार हुरडा खाऊन मत बनवू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची तयारी असेल तर बार्शी रस्त्यावरचं नान्नज. अभयारण्य माळढोक पक्ष्याचं, पण माळढोक दिसेल असं पोरांना सांगून ठेवू नका. काळवीट बहुतेक दिसतात. नळदुर्गचा किल्ला मोठा आहे, पण नर-मादी धबधबे पावसाळ्यातले. डिसेंबरात पाच वर्षांचं पोर नुसतं पायऱ्या मोजत कंटाळेल.

आणि खरंच दिवेच बघायचे असतील तर तारीख बदला. संक्रांतीला या, गड्ड्याला, म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धरामेश्वर यांच्या जत्रेला. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न, सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातले मानकरी, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’चा गजर. होमाच्या संध्याकाळी दिव्यांनी सजलेले नंदीध्वज होम मैदानाकडे येतात. एवढी उंच काठी तोलत आणणाऱ्याचा चेहरा जवळून बघा, घाम टिपायलाही हात मोकळा नसतो. दुसऱ्या रात्री शोभेचं दारूकाम. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ उजळलेलं असतं, ते पाण्यात दुप्पट दिसतं. पाळणे, भजी, खेळणी हे सगळं वेगळंच.

गर्दी मात्र अफाट. एका वर्षी माझा मुलगा पाळण्यापाशी दहा मिनिटं हरवला होता. एका भजीवाल्याने त्याला बाकड्यावर उभं करून ठेवलं होतं, हातात मिरची भजी देऊन. तेव्हापासून घरातून निघतानाच मुलांच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहितो. तुम्हीही लिहा. बॉलपेनने, स्केचपेन घामाने जातं.